चार कोटी अंकी मूळ संख्येची चौकशी : वही, पेन आणि लॉग टेबल

मोठ्या मूळ संख्येशी ओळख करून घ्यायची तर पहिला नियम हा, की ती लिहायला बसू नका. हे लिहितोय तोवर माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. सेकंदाला एक अंक या वेगाने, न जेवता न झोपता लिहीत राहिलात तरी ४७५ दिवस जातील आणि शेवटी हातात रद्दी उरेल. याच संख्येचे पहिले चार अंक कोणते, शेवटचे दोन कोणते, तिला सातने भागलं तर बाकी किती, हे मात्र एका संध्याकाळी वहीच्या दोन पानांत निघतं. ते कसं काढायचं तेवढंच इथे सांगतो.

मी सोलापूरच्या दाजी पेठेत आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. त्याआधी चादरीच्या कारखान्यात जकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं पाडायचो. ग्राफवर काढलेली नक्षी बघून पुठ्ठ्याला भोकं पाडायची, हे काम. ते कॉम्प्युटरवर गेलं आणि मी इकडे आलो. जकार्डचा उल्लेख पुढे येणार आहे, म्हणून सांगून ठेवलं.

साहित्य फार नाही. एक फुलस्केप वही, अकरावी-बारावीचं जुनं लॉग टेबल, साधा कॅल्क्युलेटर. मोबाइलवर मोठ्या संख्यांचं ॲप असलं तर उत्तर पडताळायला वापरा, काढायला नको.

आधी घरचा पिनकोड

हात बसावा म्हणून सोलापूरच्या पिनकोडपासून सुरुवात करा. ४१३००१ घ्या. अंकांची बेरीज ९, म्हणजे नऊने भाग जातो, ४५८८९ उरतात. ही उरलेली संख्या चिवट आहे. ७, ११, १३ असं करत पुढे जा, १०३ संपतात, १०७ संपतात आणि १०९ ला भाग जातो : १०९ × ४२१. म्हणजे ४१३००१ = ९ × १०९ × ४२१. पुढचे पिनकोड बघा. ४१३००३ ला १९ ने भाग जातो, ४१३००५ ला ५ ने, ४१३००७ ला ३ ने, आणि सम संख्यांचा प्रश्नच नाही. ४१३००१ पासून ४१३००८ पर्यंत एकही मूळ संख्या नाही. शिकवणीतल्या पोरांना याचं वाईट वाटतं, का ते मला अजून कळलेलं नाही.

या सरावातून एक गोष्ट अंगावर येते. कुठल्याही साध्या संख्येचे अवयव काढायचे तर वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी एकेक करून भागत जाण्यावाचून शाळेच्या गणितात दुसरा रस्ता नाही. सहा अंकांना ते जमतं. चार कोटी अंकांना जगातला कुठलाही संगणक या रस्त्याने पोचणार नाही. तरीही त्या संख्येबद्दल आपण खात्रीने बोलतो, कारण तिची घडण खास आहे.

घडण ओळखा

ती संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. अशा घडणीच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हे सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू. २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना अशी संख्या मूळ निघते, याची यादी त्यांनी १६४४ साली दिली. त्या यादीत ६७ आणि २५७ चुकून आले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. तरी नाव त्यांचंच चिकटलं. लिहिण्याच्या सोयीसाठी मी २ चा ३१ वा घात वजा १ याला म(३१) म्हणेन, बाकीच्यांनाही तसंच.

आता जकार्ड. कार्डावर भोक असेल तर त्या जागचा हूक वर जातो आणि ताण्याचा धागा उचलला जातो, भोक नसेल तर धागा खालीच राहतो. भोक म्हणजे १, कोरी जागा म्हणजे ०. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, संख्या लिहिणं म्हणजे असं एक कार्ड पाडणंच. म(५) म्हणजे ३१, द्विमानात १११११, पाचही भोकं पाडलेली. आपली मोठी संख्या म्हणजे १३,६२,७९,८४१ जागांची एक पट्टी, सगळ्या जागी भोक. चादरीला असलं कार्ड निरुपयोगी, सगळा ताणा एकदम उचलला तर नक्षी कुठून उमटणार? गणिताला मात्र ते सोन्यासारखं.

ही पट्टी डोळ्यांसमोर ठेवली की पहिला गुणधर्म सिद्ध करायला बीजगणितही लागत नाही. १५ भोकांची पट्टी घ्या, म(१५) = ३२७६७. तिचे तीन-तीन भोकांचे पाच सारखे तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा १११, म्हणजे ७. म्हणून ३२७६७ ला सातने भाग जाणारच. पाच-पाच भोकांचे तीन तुकडेही पडतात, म्हणून ३१ नेही जाणार. करून बघा : ७ × ३१ × १५१. म्हणजे घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्त, विषय संपला. म्हणून सर्वांत आधी घातांक तपासायचा. १३,६२,७९,८४१ चं वर्गमूळ ११,६७३ आणि ११,६७४ च्या मध्ये येतं, तेव्हा तिथपर्यंतच्या चौदाशेच्या आसपास मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. हौस असेल तर करा. तो घातांक मूळ आहे हे मी गृहीत धरून पुढे जातो.

उलटं मात्र खरं नाही. ११ मूळ आहे, पण म(११) = २०४७ = २३ × ८९. हे २३ आणि ८९ लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचंय.

किती अंकी, आणि सुरुवात कोणत्या अंकाने

घातांकाला २ च्या लॉगने गुणा. पूर्णांकात एक मिळवला की अंकांची संख्या, आणि दशांश चिन्हापुढच्या भागाचा अँटिलॉग म्हणजे सुरुवातीचे अंक. एक वजा केल्याने इथे काही फरक पडत नाही, कारण २ चा घात कधी शून्याने संपत नाही. म(३१) वर करून बघा : ३१ × ०.३०१०३ = ९.३३, म्हणजे १० अंकी. संख्या आहे २,१४,७४,८३,६४७. बरोबर दहा.

मोठ्या घातांकाला मात्र टेबल फसवतं. टेबलातला चार अंकी ०.३०१० वापरलात तर उत्तर चार हजारांहून जास्त अंकांनी चुकतं. पाच अंकी ०.३०१०३ घेतलात तर नेमका एक अंक जास्त येतो, आणि ही चूक जास्त वाईट, कारण उत्तर बरोबर दिसतं. म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर लॉग २ = ०.३०१०२९९९५६६४ लिहून ठेवा. साध्या कॅल्क्युलेटरमध्ये एवढा गुणाकार मावत नाही, तो तोडून करायचा. आधी ०.३०१०३ ने गुणायचं, मग जास्त झालेलं काढून टाकायचं :

१३,६२,७९,८४१ × ०.३ = ४,०८,८३,९५२.३
१३,६२,७९,८४१ × ०.००१ = १,३६,२७९.८४१
१३,६२,७९,८४१ × ०.००००३ = ४,०८८.३९५२
तिन्हींची बेरीज = ४,१०,२४,३२०.५३६२
वजा १३,६२,७९,८४१ × ०.००००००००४३३६ = ०.५९०९
उरले ४,१०,२४,३१९.९४५३

पूर्णांकात एक मिळवा, ४,१०,२४,३२० अंक. आता अँटिलॉगच्या टेबलात .९४५ ची ओळ शोधा, ८८१० मिळतील. शेवटच्या ३ साठी फरकाच्या रकान्यातले ६ मिळवा, ८८१६. चार कोटी अंकांची ती संख्या ८८१६ ने सुरू होते. बारावीनंतर माळ्यावर गेलेल्या टेबलाकडून एवढं काम निघतं.

शेवटचे अंक आणि बाक्या

दोनचे घात लिहीत जा : २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरत राहतो, चाराचा फेरा. म्हणून घातांकाला चारने भागायचं आणि फक्त बाकी बघायची. त्यासाठीही घातांकाचे शेवटचे दोन अंक पुरे. आपल्याकडे ४१, बाकी १, म्हणून घाताचा शेवटचा अंक २ आणि एक वजा केल्यावर १. घातांक विषम मूळ असेल तर मर्सेन संख्या १ ने किंवा ७ ने संपते, तिसरा पर्याय नाही.

शेवटच्या दोन अंकांचा फेरा २० चा आहे. १३,६२,७९,८४१ ला २० ने भागल्यावर बाकी १ राहते. पण पहिला घात, म्हणजे नुसता २, या फेऱ्यात बसत नाही. फेरा दुसऱ्या घातापासून सुरू होतो, म्हणून २१ वा घात घ्यायचा. तो आहे २०,९७,१५२. शेवटी ५२, एक वजा, ५१. संख्या ५१ ने संपते.

बाकी कुठल्याही लहान संख्येसाठी हीच युक्ती. सातने भागताना २ च्या घातांच्या बाक्या २, ४, १ अशा तिनाच्या फेऱ्यात येतात. घातांकाच्या अंकांची बेरीज ४१, तिनाने भागून बाकी २, म्हणजे घाताची बाकी ४ आणि संख्येची ३. अकराचा फेरा दहाचा, घातांकाचा शेवटचा अंक १, म्हणून बाकी १. तेराचा फेरा बाराचा, घातांकाला बाराने भागून बाकी ५, दोनचा पाचवा घात ३२, तेराने भागून ६, वजा एक, ५. नऊचा फेरा सहाचा, तिथे बाकी ४ येते, ते तुम्ही करून बघा.

नऊच्या बाकीवरून आठवलं. मोबाइल नंबरच्या नाहीतर गाडीच्या नंबरच्या अंकांची बेरीज करून शुभ-अशुभ सांगणारे लोक प्रत्येक चौकात भेटतात. अंकांची बेरीज करत गेलं की मिळते ती त्या संख्येला नऊने भागून राहणारी बाकी. त्यातून नशीब निघत नाही, आणि संख्या मूळ आहे की नाही हेही निघत नाही. बाकी शून्य, तीन किंवा सहा आली तर तिनाने भाग जातो, एवढंच कळतं.

फेरे का येतात? मूळ संख्या क आणि तिने भाग न जाणारी कुठलीही संख्या घेतली, की त्या संख्येचा (क − १) वा घात क ने भागल्यावर बाकी १ देतो. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० साली हे एका पत्रात सिद्धतेशिवाय कळवलं होतं. बाकी १ आली की पुढे सगळं पहिल्यापासून. म्हणून फेऱ्याची लांबी नेहमी (क − १) ला पूर्ण भाग घालवणारी असते : सातसाठी ३, अकरासाठी १०, तेरासाठी १२.

खरं काम : अवयव कुठे शोधायचे

हा भाग सावकाश वाचा, बाकी सगळं यावर उभं आहे.

समजा म(प) ला क या मूळ संख्येने भाग जातो आणि प विषम मूळ आहे. मग २ चा प वा घात क ने भागल्यावर बाकी १. म्हणजे फेऱ्याची लांबी प ला पूर्ण भाग घालवते. पण प मूळ, तेव्हा लांबी १ नाहीतर प. लांबी १ असू शकत नाही, कारण मग क ला १ ला भाग घालवावा लागेल. म्हणून लांबी नेमकी प. आणि ही लांबी (क − १) ला भाग घालवणारी. म्हणजे क − १ हा प च्या पटीत. क विषम, म्हणून क − १ सम, म्हणजे २प च्या पटीत.

थोडक्यात, म(११) चे अवयव शोधायचे तर २२ च्या पटीत एक मिळवलेल्या संख्यांकडेच बघायचं. २२ + १ = २३, ८८ + १ = ८९. वर जे दोन आकडे लक्षात ठेवायला सांगितले ते हेच. दुसरी चाळणी अशी की क ला आठने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च हवी. तिची सिद्धता लांब आहे, इथे मानून चला. २३ ची बाकी ७, ८९ ची १.

आता म(३१) कडे, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ कडे वळू. ही मूळ आहे हे लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७७२ साली बर्नुलीला पत्राने कळवलं. तेव्हा ऑयलर सेंट पीटर्सबर्गला होता आणि डोळ्यांनी जवळजवळ आंधळा झालेला होता. वर्गमूळ ४६,३४० च्या जरा पुढे. साध्या रस्त्याने गेलं तर तिथपर्यंतच्या हजारो मूळ संख्यांनी भागावं लागतं. दोन्ही चाळण्या एकत्र लावा : ६२ च्या पटीत एक मिळवलेली, आणि आठने भागून बाकी १ किंवा ७. म्हणजे संख्येला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ हवी. ४६,३४० पर्यंत अशा संख्या ३७३ भरतात, त्यातली पहिली ६३ मूळ नाही हे सरळच दिसतं. जास्तीत जास्त ३७२ भागाकार.

प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण यादीतल्या बऱ्याच संख्या स्वतःच फुटतात. पहिल्या बारा बघा : ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३, १४८९. यात २४९ ला तीनने भाग जातो, ४९७ ला सातने, ५५९ म्हणजे १३ × ४३, १२४१ म्हणजे १७ × ७३. करत गेलात तर मूळ उरतात तीनच : ३११, १३०३ आणि १४८९. भागाकार या तिघांचाच करायचा. ३११ ने बाकी ३५, १३०३ ने २२६, १४८९ ने १९९. एकही शून्य नाही, पुढे चला.

३११ चा भागाकार न करताही बाकी काढता येते आणि मुलांना मी तसंच करायला लावतो. दोनचा आठवा घात २५६. त्याचा वर्ग ६५,५३६, ३११ ने भागून बाकी २२६, ही सोळाव्या घाताची बाकी. पंधरावा घात ३२,७६८, बाकी ११३. सोळा आणि पंधरा मिळून एकतीस, म्हणून २२६ × ११३ = २५,५३८, त्याची बाकी ३६. एक वजा, ३५. दहा अंकी संख्येला हात न लावता तीच बाकी. घात कितीही मोठा असो, वर्ग करत जायचं आणि दर पायरीला बाकी घ्यायची, आकडा कधी हाताबाहेर जात नाही.

मे महिन्यात, शाळा नसताना, दोघातिघांनी वाटून घेतलं तर ही यादी पूर्ण होते. दुपारी पंख्याखाली बसून दुसरं करायचं तरी काय असतं आपल्याकडे. ज्यांनी एकदा ही यादी संपवली त्यांना सिद्धता कशाला म्हणतात हे वेगळं शिकवावं लागत नाही.

म(३१) तुमच्या ओळखीची आहे, हेही सांगतो. संगणकाच्या ३२ जागांच्या जुन्या मोजणीत मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच, कारण एक जागा चिन्हासाठी जाते आणि उरलेल्या ३१ जागी सगळी भोकं. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. ज्यांची मोजणी अजून या मापाची आहे त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल. गड्ड्याची जत्रा तेव्हा चालू असेल.

अवयव न शोधता निकाल

म(१२७) ला ३९ अंक आहेत, तिथे वरची यादीही कुचकामाची. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये ती मूळ आहे हे हातानेच दाखवलं, आणि १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती. त्याची पद्धत पुढे डी. एच. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने साफसूफ केली. कृती इतकी छोटी की विश्वास बसत नाही.

४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, म(प) ने भागून बाकी घ्या. असं प − २ वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त.

म(७) = १२७ वर पाच वेळा करायचं. भागाकाराऐवजी पट्टी दुमडा : संख्येतून १२८ च्या जेवढ्या पटी निघतील त्या काढा, आणि जितक्या पटी निघाल्या तेवढा आकडा उरलेल्यात मिळवा. सात जागांच्या पट्टीबाहेर गेलेला भाग परत उजव्या टोकाशी आणून बेरीज केल्यासारखं.

४ चा वर्ग वजा २ : १४.
१४ चा वर्ग वजा २ : १९४. त्यात १२८ एकदा, उरले ६६, मिळून ६७.
६७ चा वर्ग वजा २ : ४४८७. १२८ पस्तीस वेळा, उरले ७, मिळून ४२.
४२ चा वर्ग वजा २ : १७६२. १२८ तेरा वेळा, उरले ९८, मिळून १११.
१११ चा वर्ग वजा २ : १२,३१९. १२८ शहाण्णव वेळा, उरले ३१, मिळून १२७. म्हणजे शून्य.

१२७ मूळ. हीच कृती म(११) वर नऊ वेळा केली की ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६ असं येतं. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. यात २३ चं किंवा ८९ चं नाव कुठे आलं का? नाही.

इथे नववीतल्या एका मुलीने हात वर केला होता : "सर, फुटते हे कळलं पण कशाने फुटते ते कळलं नाही, असं कसं?" तिचा प्रश्न अगदी वर्मावरचा होता. म(६७) संयुक्त आहे हे ल्युकाला १८७६ मध्येच कळलं होतं. अवयव मिळायला १९०३ उजाडलं, ते फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन गणितज्ञाने काढले : १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. पहिल्या अवयवातून एक वजा करून १३४ ने भागा, १४,४५,५८० असा पूर्ण भाग जातो. चाळणी इथेही पाळली गेली आहे. संख्या मूळ आहे का, आणि नसेल तर तिचे अवयव कोणते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला सोपा, दुसरा अवघड. तुमच्या बँकेच्या व्यवहाराला कुलूप लावणारी आरएसए पद्धत याच फरकावर चालते. तिच्या नेहमीच्या २०४८ जागांच्या कुलपात तीनशेच्या वर अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघड असतो आणि त्या दोन संख्या गुप्त. आपली चार कोटी अंकी संख्या तिथे कामाची नाही, ती सगळ्या जगाला माहीत आहे.

त्या संख्येवर हीच कृती १३,६२,७९,८३९ वेळा करावी लागते, दर वेळी कोट्यवधी अंकांचा वर्ग. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी ती शोधली. १९९६ पासून चालू असलेल्या 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च' या जगभरच्या स्वयंसेवकांच्या उपक्रमातून, भाड्याने घेतलेल्या ग्राफिक्स कार्डांवर. त्यात भाग घ्यायचा तर 'प्राइम९५' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. घरच्या कॉम्प्युटरवर लावणार असाल तर विजेचं बिल आणि उन्हाळा दोन्ही ध्यानात घ्या, मशीन भयंकर तापतं.

परिपूर्ण संख्यांचं एका वाक्यात सांगतो : म(प) मूळ असेल तर तिला २ च्या (प − १) व्या घाताने गुणल्यावर अशी संख्या मिळते, जिचे स्वतःला सोडून सगळे विभाजक मिळवले की तीच संख्या परत येते. ६, २८, ४९६, ८१२८ अशाच बनतात. म(३१) पासून मिळणारी १९ अंकी आहे. असल्या संख्या नुसत्या गंमतीच्या, उपयोग शून्य, तेव्हा हिच्यापुढे कुणी जाणार नाही, असं पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहिलं होतं. आज माहीत असलेली बावन्नावी आपल्या चार कोटी अंकीतूनच निघते.

आता तुमच्या हाताने

म(२३) = ८३,८८,६०७ घ्या. ४६ च्या पटीत एक मिळवा, आठची चाळणी लावा. पहिलाच उमेदवार लागू पडतो. मग म(२९) = ५३,६८,७०,९११. ५८ च्या पटी : ५९ आणि ११७ आठच्या चाळणीत गळतात, १७५ मूळ नाही, पुढच्याला भाग जातो. त्या संख्येचे अवयव तीन आहेत, एकावर थांबू नका. म(३७) मध्ये ७४ च्या तिसऱ्याच पटीला काम होतं. या तिघींना मिळून चहा गार व्हायच्या आत उरकाल.

म(४१) मात्र तेव्हाच घ्या जेव्हा रविवार मोकळा असेल आणि नळाला पाणी यायची पाळी नसेल. तिचा लहानात लहान अवयव ८२ च्या १६३ व्या पटीला येतो.